जुन्या मित्रांचा व्हिएतनामी बेत

कॉलेज सुटून पंचवीस-तीस वर्षं झाली की बॅचमधले बरेच जण अमेरिकेत स्थिरावलेले असतात आणि त्यातले पाच-सात तरी सॅन होजेच्या आसपास सापडतात. मग कोणी पुण्याहून मुलीच्या पदवीदानाला येतो, कोणी कंपनीच्या कामाला, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘भेटायचं का?’ सुरू होतं. भेटायचं तर असतंच, अडतं ते कुठे यावर. नुकत्याच भारतातून आलेल्या माणसाला भारतीय रेस्टॉरंटमध्ये नेण्यात अर्थ नाही. घरी बोलावलं तर यजमान निम्मा वेळ ओट्यापाशी. अशा वेळी मी बिनदिक्कत व्हिएतनामी जेवणाचा बेत सुचवतो. मात्र तो नीट आखावा लागतो, कारण व्हिएतनामी मेन्यू शंभर-दीडशे पदार्थांचा असतो आणि नवखा गट त्यातून नेमकं चुकीचं मागवून बसतो.

सॅन होजे यासाठी भाग्यवान शहर. व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही एका शहरापेक्षा जास्त व्हिएतनामी लोक इथे राहतात, एक लाखाच्या वर. 30 एप्रिल 1975 ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या हाती पडली. त्यानंतर आधी विमानांनी आणि पुढची कित्येक वर्षं लहानमोठ्या बोटींतून जीव मुठीत धरून माणसं बाहेर पडली. इथे आल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि अनेकांनी खाणावळी काढल्या. स्टोरी रोडवरच्या ग्रँड सेंच्युरी मॉलच्या परिसरात आज तुम्ही फिरलात, तर त्या खाणावळींची दुसरी पिढी गल्ल्यावर बसलेली दिसेल. तुम्ही दुसऱ्या गावी असाल तरी हरकत नाही. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला वेस्टमिन्स्टर आणि गार्डन ग्रोव्हमधलं लिटल सायगॉन, ह्यूस्टनचा बेलेअर बुलेवार्ड, वॉशिंग्टनजवळ फॉल्स चर्चमधलं ईडन सेंटर, तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीचं कॅब्रामाटा आणि मेलबर्नचं फुटस्क्रे, सगळीकडे हेच लागू पडतं.

पहिली गोष्ट: फो, म्हणजे नूडल्सचं सूप, मागवू नका. फो उत्तमच असतो, त्याबद्दल वाद नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई-नाम दिन्हच्या बाजूला तो आकाराला आला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लाखो लोकांबरोबर तो सायगॉनला पोचला. तिथे त्याला मोड आलेले मूग, तुळशीसारख्या पाल्याचं ताट आणि लिंबू अशी जोड मिळाली. आपण अमेरिकेत खातो तो हा दक्षिणी थाटाचा फो. पण तो एकट्याने खायचा पदार्थ आहे. प्रत्येकासमोर एक मोठा वाडगा येतो, नूडल्स फुगायच्या आत तो संपवावा लागतो, माना खाली जातात आणि वीस मिनिटांत जेवण उरकतं. व्हिएतनाममध्ये तो मुख्यतः सकाळी खातात. पाहुणा मुक्कामाला असेल तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला न्या, खूश होईल.

मित्रांच्या बेताला हवेत ते टेबलाच्या मधोमध येणारे आणि प्रत्येकाने आपल्या हाताने जुळवून घ्यायचे पदार्थ. व्हिएतनामी स्वयंपाकात ते मुबलक आहेत. त्यांतला राजा म्हणजे अख्खी भाजलेली कॅटफिश, ‘का नुओंग’. कातडी कुरकुरीत, वर पातीच्या कांद्याचं गरम तेल आणि दाण्याचा भरड कूट. सोबत एका मोठ्या ताटात लेट्यूस, पुदिना, तांबडट जांभळी पेरिलाची पानं, काकडी, कच्च्या केळ्याच्या आणि स्टारफ्रूटच्या चकत्या, तांदळाच्या बारीक शेवया आणि तांदळाच्या पातळ पारदर्शक चकत्यांचा गठ्ठा. या चकत्यांना ‘बान त्रांग’ म्हणतात. मासा भाजायला वेळ लागतो, म्हणून टेबल सांगतानाच फोनवर माशाचीही मागणी नोंदवा आणि किती माणसं आहेत ते सांगा. त्या आकाराचा मासा ते काढून ठेवतात.

रोल वळायची रीत आधी एकाने शिकून घ्यावी आणि बाकीच्यांना दाखवावी. कोमट पाण्याच्या भांड्यात चकती फिरवून लगेच बाहेर काढायची. बोटांना ती अजून जराशी ताठ लागत असतानाच ताटलीत पसरायची, उरलेली मऊ ती तिथेच होते. पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवली की चिकटून लगदा होणार हे ठरलेलं. आपल्याकडच्या कडेला लेट्यूसचं पान, त्यावर चिमूटभर शेवया, दोन-तीन प्रकारचा पाला, एक चकती केळ्याची आणि शेवटी माशाचा तुकडा. जवळची कड त्यावर घट्ट ओढायची, दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि पुढे गुंडाळत न्यायचं. जिन्नस कमी घ्या. पहिला रोल सगळेच जण हावरेपणाने भरतात आणि तो फुटतो. मग तो वाटीतल्या ‘नुअक चाम’मध्ये बुडवून खायचा. हे चाटण फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरचीचं असतं.

मी हा पदार्थ इतक्या आग्रहाने का सांगतो? वीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसांचा पहिला अर्धा तास अवघड जातो. नोकरी, मुलं, घर, आई-वडिलांची तब्येत एवढं विचारून झालं की क्षणभर सगळे गप्प होतात. कोणाचा घटस्फोट झालेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते, आणि ते लगेच बोलायचं नसतं. त्या वेळी हातांना काम असलं की बरं. कोणी शेजाऱ्याचा फुटलेला रोल सावरून देतो, कोणी पाण्याचं भांडं पुढे सरकवतो, ‘अरे, पुदिना इकडे दे’ म्हणतो, आणि बघता बघता आवाज चढतात. हॉस्टेलच्या मेसमधली भाषा आपोआप परत येते. प्रत्येकाची आपापली ताटली असलेल्या जेवणात हे होताना मला फारसं दिसलेलं नाही.

मासा नको असेल तर हाच खेळ ‘नेम नुओंग’वर होतो. ते वाटलेल्या डुकराच्या मटणाचे भाजलेले लांबट कबाब असतात. डुक्करही नको असेल तर गवती चहा लावून भाजलेलं चिकन किंवा कोळंबी मागा. ‘बान सेओ’ जरूर मागवा. तांदळाचं पीठ, हळद आणि बहुधा नारळाचं दूध घालून केलेलं, मोड आलेल्या मुगाने भरलेलं, अर्धवट दुमडलेलं पिवळंधमक घावनच ते, फक्त कडा जास्त कुरकुरीत. तेही तुकडा मोडून लेट्यूसमध्ये गुंडाळून खायचं. कोकणातला कोणी बरोबर असेल तर गवती चहात वाफवलेल्या तिसऱ्या मागवा आणि सोबत कैरीच्या किसाची कोशिंबीर. कोशिंबिरीवर सोडे किंवा खारवलेली मासळी असते. उत्तर व्हिएतनामी पद्धतीचं रेस्टॉरंट मिळालं, तर हनोईचा ‘चा का’ विचारा. हळद लावलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच्या तव्यात शेपू आणि पातीच्या कांद्याबरोबर परततात. शेपू म्हटलं की नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ आहेत, पण या तव्यातला शेपू त्यांनीही वाढून घेतलेला मी पाहिला आहे.

आता शाकाहारी मित्र. मराठी गटात ते असतातच, आणि व्हिएतनामी जेवणात खरी काळजी त्यांच्यासाठी घ्यावी लागते. अडचण मांसाच्या तुकड्यांची नसते, ती ‘नुअक माम’ची असते. लहान मासे आणि मीठ लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर मुरवून काढलेला हा फिश सॉस, फू क्वॉक बेटाचा सर्वांत नावाजलेला. मिठाच्या जागी तो जवळजवळ सगळीकडे पडतो: चाटणात, कोशिंबिरीत, मुरवणात, परतलेल्या भाजीत. मेन्यूवर ‘टोफू’ लिहिलंय म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं समजू नका. साध्या रेस्टॉरंटमधल्या भाज्यांच्या फोचं पाणीही कधी कधी कोंबडीचं किंवा हाडांचं असतं. तळलेल्या रोलमध्ये बहुधा डुक्कर आणि कोळंबी किंवा खेकडा असतो. वेटर घाईत असतो आणि ‘मीट नाही’ एवढंच त्याला कळतं. त्यापेक्षा ‘चाय’ हा शब्द वापरा. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. ‘खोंग नुअक माम’ म्हणजे फिश सॉस नको. ‘नुअक तुओंग’ म्हणजे सोया सॉस, चाटण म्हणून तो मागून घ्या. उच्चार चुकला तर फोनवर लिहून दाखवा, लाजायचं कारण नाही.

‘चाय’ हे बौद्ध परंपरेतलं खाणं आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, अनेक व्हिएतनामी घरांत मांस वर्ज्य असतं. त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी शाकाहारी पदार्थांची संख्या वाढते आणि गर्दीही. बेताची तारीख धरताना कालनिर्णय उघडून पौर्णिमा पाहून घ्या. गटात निम्मे शाकाहारी असतील तर सरळ ‘चाय’ची पाटी असलेलं रेस्टॉरंट गाठा. तिथे फिश सॉसच्या जागी सोयाचं किंवा अननसाचं चाटण असतं, रोल, बान सेओ, हॉटपॉट सगळं मिळतं आणि मांसाहारी मित्रही उपाशी राहत नाहीत. तिथल्या मेन्यूवर ‘बीफ’, ‘बदक’, ‘कोळंबी’ अशी नावं दिसली तर दचकू नका. ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे पदार्थ असतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही कडक बौद्ध खाणावळीत सोय होते. जैन मित्राने मात्र गाजर, मुळा आणि अरवी यांची चौकशी करावी, कारण बौद्ध शाकाहाराला कंद चालतात. पाल्याच्या ताटात बदामाच्या आकाराचं एक हिरवं पान असतं, त्याला ओल्या मासळीचा वास येतो. ते निव्वळ पान आहे हे शाकाहारी मित्राला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पूर्ण ताट मागे सारेल.

गोमांसाचा विषय टेबलावर बसल्यावर नको, तो ग्रुपवरच मोकळेपणाने विचारून घ्यावा. व्हिएतनामी लोकांमध्ये लग्नकार्याला आणि मित्रमेळ्यांना सात प्रकारचं गोमांस वाढण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे आणि काही रेस्टॉरंटं तेवढ्यासाठीच ओळखली जातात. सगळ्यांना चालणार नसेल तर तिथे जाऊच नका, बाकीच्यांना नाराज करून मजा येत नाही. ‘बो’ म्हणजे गाय-बैलाचं मांस, ‘हेओ’ म्हणजे डुक्कर, ‘गा’ म्हणजे कोंबडी, ‘तोम’ म्हणजे कोळंबी, ‘का’ म्हणजे मासा. एवढे पाच शब्द लक्षात ठेवले की मेन्यू अर्धा वाचता येतो. ज्याला शेंगदाण्याची किंवा शिंपल्यांची अ‍ॅलर्जी आहे त्याने नुसतं मेन्यूवर विसंबू नये, दाण्याचा कूट न सांगता वरून पडतो. रक्तदाब असलेल्यांनी चाटण बेताने घ्यावं, त्यात मीठ भरपूर.

हॉटपॉट, म्हणजे ‘लाउ’, थंडीच्या दिवसांत छान. टेबलावर शेगडी, तीवर उकळतं पाणी, त्यात भाज्या, मश्रूम, मासे सोडत राहायचे. पण एका भांड्यात एकदा कोळंबी पडली की शाकाहारी माणूस बाहेर. म्हणून भांडं मश्रूमच्या पाण्याचं मागवा आणि मांसाहार भाजलेल्या पदार्थांपुरता ठेवा. दोन कप्प्यांचं भांडं मिळत असेल तर उत्तमच, पण पाण्यात काय काय आहे ते विचारा.

आठ जणांचा, त्यांतले तीन शाकाहारी, असा गट धरला तर मी साधारण असं मागवतो: एक मध्यम का नुओंग, दोन बान सेओ (एक कोळंबीचं, एक चाय), टोफूचे कच्चे रोल दोन प्लेट, कैरीची कोशिंबीर फिश सॉस आणि सोड्यांशिवाय, तिसऱ्या एक प्लेट, आणि शेवटी मश्रूमचा हॉटपॉट. पाला आणि चकत्या जास्तीच्या सांगायच्या, त्या नेहमी कमी पडतात. तिखटाची सवय असलेल्याला चैन पडत नसेल तर एक कोंबडीची ‘का री’ मागवा. नारळाचं दूध, रताळं, गवती चहा आणि करी पावडर घातलेला हा रस्सा पावाबरोबर खातात. फ्रेंचांच्या काळात सायगॉनमध्ये तमिळ व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, आणि मसाल्याची ही ओढ भारताकडूनच तिकडे गेलेली आहे.

जागेचं बघू. लांब टेबलावर दहा माणसं बसली की दोन टोकांना दोन वेगळ्या बैठका होतात आणि मधले दोघे माना वळवत राहतात. गोल टेबल मागा. मिळालं नाही तर प्रत्येक पदार्थ दोन-दोन सांगा, म्हणजे दोन्ही टोकांना एकाच वेळी ताटं येतील. शनिवार-रविवारी दुपारी अकरा ते दीड कुटुंबांची गर्दी असते, तेव्हा तुम्हाला निवांत बसू देणार नाहीत. अडीच ते पाच सगळ्यात चांगली वेळ. बऱ्याच फोच्या खाणावळी रात्री लवकर बंद होतात, आठवड्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी असू शकते, म्हणून फोन करा. 21 जानेवारीपासून 20 फेब्रुवारीपर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, येतं. त्या तीन-चार दिवसांत बेत नको.

या खाणावळींत शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन तांबडे पट्टे असा झेंडा भिंतीवर दिसेल. तो जुन्या दक्षिण व्हिएतनामचा. गल्ल्यावरच्या आजोबांनी तो देश गमावला आहे. हल्ली मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं जातात, पुष्कळ मराठी मंडळी सहलीला जाऊन येतात आणि तिथून आजच्या कम्युनिस्ट राजवटीच्या झेंड्याचा, पिवळ्या चांदणीचा लाल टी-शर्ट घेऊन येतात. तो या बेताला घालू नका. 1999 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका दुकानदाराने कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हचा फोटो लावला तर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि निदर्शनं कित्येक आठवडे चालली. बोलताना ‘हो चि मिन्ह सिटी’ नको, ‘सायगॉन’च म्हणा. आणि 30 एप्रिलला तिथे जल्लोषाचा बेत ठेवू नका, तो त्यांचा शोकाचा दिवस.

बाकी शिष्टाचार साधे. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांची आठवण होते. मोठ्यांना आधी वाढायचं. चांगला तुकडा उचलून दुसऱ्याच्या वाडग्यात ठेवणं हे तिथे आपुलकीचं लक्षण, तुम्हीही ठेवा. कोणाच्या पन्नाशीचा बेत असेल तर केक आणू का, हे आधी विचारा. मी शेजारच्या व्हिएतनामी बेकरीतून पँडानच्या पानांचा हिरवा स्पाँज केक घेतो, अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातलं मूग-राजम्याचं गोड ‘चे’.

पेय मागवताना बिअर मिळते का ते पाहा, सगळ्यांकडे परवाना नसतो. मिळाली तर बर्फाचे खडे घालून पिण्याची तिथली पद्धत आहे, उन्हाळ्यात ती खरंच चांगली लागते. पेले उचलताना ‘मोट, हाय, बा, यो!’ म्हणजे एक, दोन, तीन, आणि उचला. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकही साथ देतात. न पिणाऱ्यांना खारवलेल्या लिंबाचा सोडा द्या.

बिल कोणी आणून देत नाही, बसून वाट पाहू नका. ‘तिन्ह तिएन’ म्हणा किंवा गल्ल्यावर जाऊन टेबल सांगा. काही ठिकाणी अजून फक्त रोख चालते, तेव्हा दोघांनी तरी रोख ठेवावी. सहाहून जास्त माणसं असली तर टिप बिलातच धरलेली असू शकते, पुन्हा 18-20 टक्के देण्याआधी बिल वाचा. आणि बिलावरून ओढाताण नको. एकाने कार्ड द्यावं, हिशोब रात्री ग्रुपवर टाकावा. भारतातून आलेल्या मित्राला त्यात धरू नये. त्याने आग्रह केला तर पुण्याच्या पुढच्या भेटीचं जेवण त्याच्याकडे.

जेवण आटपलं की टेबल सोडा, बाहेर माणसं खोळंबलेली असतात. गप्पा राहिलेल्याच असतात, त्यांच्यासाठी त्याच आवारात कॉफीचं दुकान असतं. कॉफी 1857 च्या सुमाराला फ्रेंच मिशनऱ्यांनी व्हिएतनाममध्ये नेली आणि आज ब्राझीलखालोखाल तोच देश सर्वाधिक कॉफी पिकवतो, तीही बहुतांश रोबस्टा. पेल्यावर ठेवलेल्या लहानशा धातूच्या गाळणीतून ती थेंबथेंब खालच्या कंडेन्स्ड मिल्कवर पडते, आणि हे व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. गाळणी दाबू नका, हलवू नका, पूर्ण गळली की ढवळून बर्फावर ओता. कडक असते. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असलेल्याने ती घेऊ नये, त्याच्यासाठी उसाचा रस सांगा, बर्फ कमी घालून.